शेअरबाजाराचें दूरचें भविष्य

दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजारांत येऊं लागल्या कीं वर्धा जिल्ह्यांत एका प्रश्नावांचून दुसरें बोलणें नसतें: यंदां भाव कोठवर जाईल? शेतकरी तो विचारतो, अडत्या विचारतो, जिनाचा मालकही विचारतो. आणि उत्तर देणारा मनुष्य गांवोगांवीं हजर असतो. गेल्या कांहीं वर्षांत त्याच प्रश्नाचें दुसरें रूप शहरांतील घरांत शिरलें आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथील शिक्षक, बँकेंतील नोकरदार, डॉक्टर आणि निवृत्त कारकून आपल्या शिलकेचा कांहीं भाग दरमहा हप्त्यानें म्युच्युअल फंडांत घालतात. आणि मुंबईचा सेन्सेक्स आणखी वीस वर्षांनीं कोणत्या आंकड्यावर असेल, याविषयींचीं भाकितें वर्तमानपत्रांत व मोबाइलच्या पडद्यावर वाचतात. मुलीचें शिक्षण, घराचें कर्ज, म्हातारपणचा औषधपाण्याचा खर्च, या साऱ्यांची मांडणी त्या आंकड्याच्या भरंवशावर केलेली असते. तेव्हां अशा भविष्यावर विश्वास किती ठेवावा हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे.

तो पारखून पाहण्यास न्यूयॉर्क किंवा लंडन गांठण्याचें कारण नाहीं. वर्धा, वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील काळ्या जमिनींत पिकलेल्या कापसानें एकदां मुंबईच्या शेअरबाजारास वेड लावलें होतें. त्या वेळीं लोकांनीं काय भाकित केलें होतें आणि पुढें प्रत्यक्षांत काय घडलें, हें आज दीडशेंहून अधिक वर्षांनीं निवांतपणें ताडून पाहतां येतें. दूरच्या भविष्याची परीक्षा दूरचा काळच घेतो. आणि अशी परीक्षा पुरी झालेलीं उदाहरणें हाताशीं थोडींच असतात.

१८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध सुरू झालें. उत्तरेकडील आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांस होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. गिरणीमालकांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला तो याच सुमारास, १८६२ सालीं. आणि वणा नदीच्या कांठचें हिंगणघाट हें गांव तर एका कापसाच्या जातीचें नांवच होऊन बसलें. विलायतेंतील व्यापारी ज्या थोड्या हिंदी कापसांस त्यांच्या गांवाच्या नांवानें ओळखीत, त्यांत हिंगणघाट हें एक होतें. लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाचा भाव युद्धापूर्वीच्या सुमारें चौपट झाला. मुंबई बंदरांतून कापसाच्या गांठी जात होत्या आणि बदल्यांत सोनें व चांदी येत होती. तो पैसा ठेवावा कोठें, हा एक नवाच प्रश्न मुंबईच्या व्यापाऱ्यांपुढें उभा राहिला.

उत्तर शेअरबाजारानें दिलें. रोज नव्या बँका निघूं लागल्या, नव्या वित्तसंस्था निघूं लागल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. या घडामोडींच्या केंद्रस्थानीं प्रेमचंद रायचंद हे विलक्षण बुद्धीचे गृहस्थ होते; त्यांची नुसती संमति मिळाली तरी कंपनीच्या भागास किंमत चढे. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाडी भरून काढण्यासाठीं स्थापन झालेल्या बॅकबे कंपनीचा भाग तर दंतकथेचा विषय झाला. ज्यावर पांच हजार रुपये भरलेले, त्या भागाचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. सर दिनशा वाच्छा यांनीं हा सर्व काळ तरुणपणीं डोळ्यांनीं पाहिला होता आणि पुढें १९१० सालीं त्यावर एक पुस्तकही लिहिलें. या वेडांत केवळ मूर्ख लोकच सामील होते असें मानणें चुकीचें होईल. वकील, सरकारी अधिकारी, पिढीजाद सावकार, सारेच त्यांत होते, आणि त्यांचा हिशेब वरवर पाहतां बिनतोड होता. हिंदी कापसास जगाची मागणी कायम राहणार. आगगाडी वऱ्हाड-नागपुरांत पोंचतांच माल दुपटीनें येणार. हा सारा माल मुंबईहून जाणार. सबब मुंबईच्या जमिनीस सोन्याची किंमत येणार. यांतील एकही विधान हास्यास्पद नाहीं.

१८६५ च्या एप्रिलच्या ९ तारखेस दक्षिणेचा सेनापति ली यानें शस्त्रें खालीं ठेवलीं. अमेरिकेचा कापूस पुन्हां समुद्रावर येणार हें कळतांच भाव कोसळले. मुंबईंत भागांचे वायद्याचे सौदे मोठ्या प्रमाणावर झालेले होते. म्हणजे पैसा हातांत नसतांनाही पुढील तारखेचा माल घेतलेला होता. त्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ होती. तो दिवस उजाडला तेव्हां देणारे पुष्कळ, घेणारा कोणीच नाहीं, अशी स्थिति होती. बॅकबेचा पन्नास हजारांचा भाग दोन हजारांच्याही खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेचा भाग २,८५० रुपयांवरून ८७ रुपयांपर्यंत घसरला आणि १८६८ सालीं ती बँक गुंडाळावी लागली. प्रेमचंदांचेंही दिवाळें निघालें. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्या देणगींतून उभा राहिला ती त्यांनीं तेजीच्या दिवसांतच दिली होती, म्हणून ती तेवढी वांचली.

येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक असते आणि तिचें तात्पर्यही ठरलेलें असतें: लोभाचें फळ वाईट. परंतु या प्रकरणांतील खरी शिकण्यासारखी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. १८६५ सालचें भविष्य खोटें ठरलें नाहीं. तें जवळजवळ शब्दशः खरें ठरलें.

१८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसविण्यांत आलें. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्धेवरून नागपुरास पोंचली. म्हणजे ज्या कापसाच्या आशेनें मुंबईकरांनीं भाग घेतले, त्याची आगगाडी तेजी मोडल्यावर दोन वर्षांनीं आली. पूर्वीं ज्या रस्त्यानें रुई बैलांच्या पाठीवर महिनेच्या महिने प्रवास करी, तो आतां कांहीं दिवसांचा झाला. सरकारनें मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठीं रिव्हेट-कार्नाक नांवाचा स्वतंत्र कापूस-कमिशनर नेमला. पुढें वर्धेहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींपर्यंत रूळ गेले, जिन व दाबाचे कारखाने उभे राहिले, हिंगणघाटास व पुलगांवास कापडाच्या गिरण्या निघाल्या. कापसाचें राज्य जिल्ह्यावर कायम झालें तें आजतागायत. मात्र तें आलें तें भलत्याच वाटेनें. ज्या लांब धाग्याच्या हिंगणघाटी जातीवर विलायतेची भिस्त होती, ती शेतांतून हळूहळू हटली आणि तिच्या जागीं आंखूड धाग्याची, जाडीभरडी पण अधिक रुई देणारी जात आली. कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून जपानच्या गिरण्या असाच कापूस मागूं लागल्या होत्या. १८६५ सालीं मुंबईच्या कोणत्याही दलालानें जपान हें गिऱ्हाईक म्हणून गृहीत धरलें नव्हतें. त्या वेळीं जपानांत गिरण्याच नव्हत्या म्हटलें तरी चालेल.

मुंबईच्या जमिनीचेंही तेंच. बॅकबे कंपनी बुडाली. १९२० नंतर सरकारनें तीच योजना पुन्हां हातीं घेतली आणि तीही बरीच फसली, इतकी कीं वीर नरीमन यांनीं तिच्या कारभारावर केलेली टीका न्यायालयापर्यंत गेली. तथापि त्याच भरावावर पुढें मरीन ड्राइव्ह झाला, १९७० च्या सुमारास नरीमन पॉइंटच्या इमारती उठल्या आणि ती जमीन देशांतील अत्यंत महाग जमिनींत गणली गेली. बॅकबेच्या जमिनीस सोन्याची किंमत येईल असें म्हणणाऱ्याचें म्हणणें अक्षरशः खरें झालें. पण पन्नास हजारांस भाग घेणाऱ्याच्या पदरीं त्यांतली मूठभर मातीही पडली नाहीं.

भविष्य खरें ठरणें आणि त्यावर पैसा लावणाऱ्याचा फायदा होणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोहोंच्या मध्यें दोन अडसर असतात: भाग घेतांना दिलेला भाव, आणि वाट पाहण्याची ताकद. अमेरिकेंत १९९९ सालीं ग्लासमन व हॅसेट या दोन लेखकांनीं तेथील डाऊ निर्देशांक तीन ते पांच वर्षांत छत्तीस हजारांवर जाईल असें प्रतिपादणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. तो आंकडा खरोखरीच आला, मात्र २०२१ च्या नोव्हेंबरांत. मध्यंतरीं दोन मोठ्या मंद्या येऊन गेल्या. पुस्तक वाचून निवृत्तीचा पैसा लावणारा साठ वर्षांचा गृहस्थ तोंपर्यंत ब्यायशींचा झालेला असणार.

हें असें कां होतें हें समजण्यास थोडें गणित पाहिलें पाहिजे. तें अवघड नाहीं. दीर्घ मुदतींत भागांपासून मिळणारें उत्पन्न तीन झऱ्यांतून येतें. पहिला झरा म्हणजे कंपनी वर्षोवर्ष वांटते तो लाभांश. दुसरा, कंपनीच्या नफ्यांत होणारी वाढ. आणि तिसरा म्हणजे नफ्याच्या एका रुपयासाठीं बाजार किती रुपये मोजावयास तयार आहे, यांत पडणारा फरक. पहिल्याचा अंदाज बऱ्यापैकीं करतां येतो. दुसरा देशाच्या उद्योगधंद्याच्या वाढीशीं निगडित असल्यानें त्याचाही ढोबळ अदमास बांधतां येतो. तिसरा मात्र माणसांच्या मनांत असतो, आणि लोकांचें मन दहा वर्षांनीं कसें असेल हें सांगणारें शास्त्र अद्याप निघालेलें नाहीं.

समजा, एका कंपनीस भागामागें दहा रुपये नफा आहे आणि बाजार एका रुपयास वीस रुपये मोजतो. म्हणून भागाचा भाव दोनशें. दहा वर्षांत नफा दुप्पट, म्हणजे वीस रुपये होईल असें कोणीं भाकित केलें आणि तें तंतोतंत खरें ठरलें. आतां भाव काय असेल? बाजाराची वृत्ति तीच राहिली तर चारशें. लोक अधिक आशावादी होऊन एका रुपयास तीस मोजूं लागले तर सहाशें. आणि निराश होऊन दहाच मोजूं लागले तर पुन्हां दोनशें, म्हणजे दहा वर्षांपूर्वीं होता तोच. धंद्याचें भविष्य तिन्ही वेळां बरोबर आलें. गुंतवणारा एकदां श्रीमंत झाला, एकदां मध्यम राहिला आणि एकदां त्याच्या भांडवलांत महागाईनें भोंक पाडलें. जपानांत हेंच राष्ट्रीय प्रमाणावर घडलें. तेथील निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. जपानी मोटारी व यंत्रें जग जिंकतील हें त्या वेळचें भाकित मुळींच खोटें नव्हतें. परंतु तो आंकडा पुन्हां ओलांडण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. चौतीस वर्षें!

दूरच्या भाकितांत आणखी एक खोच आहे, ती चक्रवाढीची. एक लाख रुपये तीस वर्षें ठेवले आणि दरसाल आठ टक्के मिळाले तर सुमारें दहा लाख होतात. दहा टक्के मिळाले तर साडेसतरा लाख. बारा टक्के मिळाले तर तीस लाख. भाकितांतील दोन टक्क्यांची चूक ही एका वर्षाच्या हिशेबांत कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं, परंतु तीस वर्षांच्या अखेरीस तीच चूक बारा-तेरा लाखांची होते. म्हणून एखाद्या पत्रकांत तीस वर्षांनंतरची रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत छापलेली दिसली, तर ती नेमकेपणाचें नव्हे, भाबडेपणाचें किंवा चतुराईचें लक्षण समजावें. शिवाय दरसाल सहा टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनंतरच्या तीस लाखांत आजचा सव्वापांच लाखांचाच बाजार येईल. पत्रकांत ही ओळ असलीच तर बारीक टायपांत असते.

येथें पावसाच्या अंदाजाची तुलना पुष्कळांस सुचते, आणि कपाशीच्या जिल्ह्यांत ती सुचणें स्वाभाविकच आहे. हवामानखात्याचा प्रमुख ब्लॅनफर्ड यानें १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घ मुदतीचे अंदाज नियमितपणें देण्यास आरंभ केला. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें त्या शास्त्राचा अभ्यास अखंड चालू आहे. तरीही २००२ सालीं खात्याचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा होता आणि पडला तो ८१ टक्के. विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. त्यानंतर खात्यानें आपली गणितपद्धति बदलली. पण या दोन भविष्यांत एक मूलभूत भेद आहे. पाऊस चांगला पडेल असें खात्यानें सांगितल्यानें ढगांच्या मनावर कांहीं परिणाम होत नाहीं. शेअरबाजाराचें तसें नाहीं. भाव चढतील असें पुष्कळांस पटलें कीं ते आजच खरेदी करतात, भाव आजच चढतात, आणि पुढें चढावयाचा भाग तितका आधींच खर्ची पडतो. जें भाकित सर्वांना मान्य झालें तें भावांत शिरून बसलेलें असतें. त्यापासून नव्या येणाऱ्यास फारसें उरत नाहीं. १८६५ च्या मुंबईंत हेंच झालें होतें. पुढील साठ वर्षांची भरभराट लोकांनीं एका हंगामांत विकत घेतली.

भविष्य सांगणाऱ्यांची परीक्षा घेण्याचे प्रयत्नही झालेले आहेत, आणि ते मनोरंजक आहेत. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनीं १९२९ च्या ऑक्टोबरांत भागांचे भाव आतां कायमच्या उंच पठारावर आले आहेत अशा अर्थाचें विधान केलें. फिशर हे कोणी ऐरेगैरे नव्हते; पैशाच्या शास्त्रांत त्यांचें नांव आजही आदरानें घेतलें जातें. त्याच महिन्याच्या अखेरीस बाजार कोसळला. सप्टेंबरांत ३८१ वर असलेला डाऊ निर्देशांक १९३२ च्या जुलैंत ४१ वर आला आणि मूळ उंचीस तो १९५४ च्या नोव्हेंबरांतच पोंचला. या आपत्तीनंतर आल्फ्रेड कौल्स नांवाच्या गृहस्थानें शांतपणें हिशेब मांडला. सल्ला देणाऱ्या संस्था, विमा कंपन्या, आर्थिक नियतकालिकें यांनीं केलेलीं भाकितें त्यानें गोळा केलीं आणि १९३३ सालीं निष्कर्ष छापला: सरासरीनें पाहतां या सल्ल्यापेक्षां चिठ्ठ्या टाकून घेतलेला निर्णय वाईट ठरला नसता. एका नामांकित संपादकानें सव्वीस वर्षांत बाजाराच्या दिशेविषयीं केलेल्या ९० भाकितांपैकीं ४५ बरोबर आणि ४५ चूक निघालीं होतीं. नाणें उडवून हाच निकाल लागतो. पुढें १९४४ सालीं कौल्सनें सुमारें सात हजार भाकितें तपासलीं, तेव्हां तेजीचीं भाकितें मंदीच्या चौपट भरलीं. यांतील मर्म उघड आहे. मंदीचें भाकित विकत घेण्यास गिऱ्हाईक मिळत नाहीं.

सर्वच भाकितें सारखीं निरुपयोगी असें मात्र म्हणतां येणार नाहीं. बाजार नफ्याच्या मानानें फारच महाग असतांना घेतलेल्या भागांवर पुढील दहा वर्षांत उत्पन्न बेताचें मिळतें आणि स्वस्त असतांना घेतलेल्यांवर चांगलें मिळतें, हा नियम पुष्कळ देशांच्या इतिहासांत ढोबळपणें दिसून येतो. अमेरिकन प्राध्यापक रॉबर्ट शिलर यांनीं याच आधारावर १९९६ च्या डिसेंबरांत इशारा दिला होता. बाजारानें मात्र २००० च्या मार्चपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, त्यांस दाद दिली नाहीं. त्या तीन वर्षांत शिलर यांची कुचेष्टा करणारे थोडे नव्हते. दिशा सांगणारा नियम आणि दिवस सांगणारा नियम यांत महदंतर आहे.

आतां मुंबईच्या सेन्सेक्सकडे वळावें, कारण वर्धेंतील घरांचा संबंध त्याच्याशीं आहे. १९७८-७९ हें वर्ष १०० धरून हा निर्देशांक मांडलेला आहे, आणि २०२४ च्या मार्चअखेर तो ७३ हजारांच्या वर होता. पंचेचाळीस वर्षांत सातशें पट, म्हणजे दरसाल सरासरी पंधरा-सोळा टक्के, लाभांश वेगळा. हा आंकडा सांगूनच बहुतेक विक्रेते आपल्या बोलण्यास आरंभ करतात, आणि तो खराही आहे. पण तो ज्या खडबडीत रस्त्यानें आला तो रस्ता सरासरींत दिसत नाहीं. १९९४ च्या सप्टेंबरांत सेन्सेक्स ४,६०० च्या वर होता. साडेआठ वर्षांनीं, २००३ च्या एप्रिलांत, तो तीन हजारांच्याही आंत होता. २००८ च्या जानेवारींत एकवीस हजार. पुढल्या वर्षाच्या मार्चांत आठ हजारांच्या आसपास. १९९४ सालीं मुलगा दहा वर्षांचा असतां त्याच्या शिक्षणासाठीं पैसे लावणाऱ्या बापाला पंचेचाळीस वर्षांच्या सरासरीचा काय उपयोग?

शिवाय निर्देशांक म्हणजे कंपन्यांची कायमची यादी नव्हे. जी कंपनी मागें पडते तिला काढतात, जी पुढें येते तिला घेतात. आरंभींच्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्थान मोटर्स होती, आणि वर्धेपासून रेल्वेनें कांहीं तासांवर असलेली बल्लारपूरची कागद-कंपनीही होती. मोटारींच्या त्या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या आज रस्त्यावर क्वचितच दिसतात. आणि बल्लारपूरची कंपनी २०२० सालीं दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें गेली. त्याही आधींचें उदाहरण पाहावयाचें तर नागपूरची एम्प्रेस मिल पाहावी. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू केलेल्या या गिरणीनें कित्येक दशकें भरघोस लाभांश दिला. वर्धेचा कापूस तिच्या चात्यांवर कांतला गेला. १९०० सालीं तिच्या शंभर वर्षांच्या आयुष्याची हमी देण्यास कोणीही धजला असता. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तिचीं यंत्रें कायमचीं थांबलीं.

उलट बाजूचें उदाहरण तर वर्धेच्या घरचेंच आहे. सेठ बच्छराज यांची पेढी वर्धेची; जमनालाल बजाज त्यांस दत्तक नातू म्हणून आले, आणि कापसाच्या व्यापारांतून वाढलेल्या त्या घराण्याच्या आश्रयानें पुढें गांधीजींचें वास्तव्य वर्धेंत व सेवाग्रामांत झालें. जमनालालजी १९४२ सालीं वारले. त्यानंतर १९४५ च्या नोव्हेंबरांत बच्छराज यांच्या नांवानें एक ट्रेडिंग कॉर्पोरेशन नोंदविण्यांत आलें. परदेशी स्कूटर व तीनचाकी गाड्या आणून विकणें हा त्याचा १९४८ पासूनचा धंदा. १९५९ सालीं त्या गाड्या येथेंच बनविण्याचा परवाना मिळाला आणि पुढें बजाज ऑटो हें नांव घरोघर झालें. १९४५ सालीं खादी व ग्रामोद्योग यांच्या या नगरींत बसून, बच्छराजांच्या नांवाची कंपनी एके दिवशीं स्कूटरवर चालेल असें भाकित कोणीं केलें असतें तर त्याला लोकांनीं हंसण्यावारी नेलें असतें. जी बुडेल तिचें भाकित होत नाहीं आणि जी तरेल तिचेंही होत नाहीं. पुष्कळ कंपन्यांचा मिळून मात्र ढोबळ अंदाज करतां येतो, इतकेंच. अनेक कंपन्यांत थोडथोडा पैसा वांटणाऱ्या फंडाचें समर्थन याच अज्ञानावर उभें आहे, कोणाच्या दिव्यदृष्टीवर नव्हे.

मग दूरच्या भविष्यांतून घ्यावें काय? देशाचे उद्योग वाढत राहिले तर विस्तृत प्रमाणावर घेतलेल्या भागांनीं दीर्घ काळांत बँकेच्या ठेवीपेक्षां अधिक द्यावें, ही अपेक्षा रास्त आहे. त्यापुढें जाऊन अमुक सालीं अमुक आंकडा असें जो सांगतो, त्याला निदान तीन प्रश्न विचारावे. आपलीं दहा वर्षांपूर्वींचीं भाकितें छापील स्वरूपांत आहेत काय? आंकड्यासोबत तो किती चुकूं शकतो हें सांगितलें आहे काय? आणि आमचा पैसा बुडाला तरी आपलें कमिशन चालूच राहतें काय? सेबी या नियामक संस्थेनें फंडांच्या प्रत्येक जाहिरातींत बाजारातील जोखमीची सूचना घालणें बंधनकारक केलें आहे. ती सूचना इतक्या वेगानें वाचून दाखवितात कीं कानाला ती एखाद्या मंत्रासारखी लागते. पण तींत लिहिलेलें सर्व खरें असतें. त्याच सेबीनें २०२४ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसलें कीं, तीन वर्षांत वायद्यांचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकीं ९३ टक्के लोकांस तोटा झाला आणि त्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होती. १८६५ च्या जुलैंतील वायद्याचा हा नातू सुस्थितींत आहे, असें म्हणावें लागतें.

ज्याच्या घरांत कापूस ठेवण्यास जागा आहे आणि ज्याच्या दारांत सावकार उभा नाहीं, असा शेतकरी सगळा माल एका दिवशीं विकत नाहीं. कांहीं दिवाळीपूर्वीं, कांहीं संक्रांतीस, कांहीं होळीनंतर, असा विकतो. भाव कोणत्या आठवड्यांत चढेल हें त्याला ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची गरज पडूं नये अशी त्याची व्यवस्था असते. दरमहा ठराविक रकमेचा हप्ता भरणारा गृहस्थ खरेदीच्या बाजूनें हेंच करतो. विक्रीच्या बाजूनें मात्र तो बहुधा विसरतो, कारण मुलीच्या प्रवेशाची किंवा निवृत्तीची तारीख ठरलेली असते आणि बाजाराला ती ठाऊक नसते. ज्यांनीं पंधरा वर्षें नेमानें हप्ते भरले, पण ज्यांना तो पैसा २००९ च्या किंवा २०२० च्या मार्चांत काढावा लागला, त्यांना हें समजलें. ज्यांनीं त्याच्या चार-पांच वर्षें आधींपासून दरसाल थोडाथोडा पैसा काढून ठेवींत किंवा पोस्टांत नेला होता, त्यांनीं त्या महिन्यांत मुलांची फी भरली आणि बाजाराचा आंकडा दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत वाचला.